रत्नाबाईंनाच ऐकू येणारा आवाज

पौडमधलं साबीर मुलाणींचं गॅरेज एकतीस वर्षं जुनं आहे. त्याला बोर्ड नाही. पूर्वी होता, रस्ता रुंद करताना काढावा लागला आणि परत कुणी लावला नाही. गरजही पडली नाही. गाडीतून नको तो आवाज यायला लागला की कोळवण खोऱ्यापासून पिरंगुटपर्यंतची माणसं एकमेकांना सांगायची, "साबीरभाईला ऐकव." दाखव नाही म्हणायची, ऐकव म्हणायची.

साबीरभाई गाडी चालू करायला सांगायचे, बॉनेट उघडायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. फारच अडलं तर लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. मग डोळे उघडून म्हणायचे, "पुढचं डावं बेअरिंग," किंवा "पंख्याचं पातं घासतंय." आणि तेच निघायचं. हाताखाली एक कारागीर होता. दोन वर्षांपूर्वी तो कंपनीत लागला, आणि तेव्हापासून साबीरभाई एकटेच काम करतात. वय सत्तावन्न.

गेल्या वर्षी जानेवारीत कोळवणचे कोंडिबा आपली जुनी पांढरी गाडी घेऊन आले. कोळवणात बंगला बांधलेल्या शहरातल्या एका साहेबांनी ती विकायला काढली, तेव्हा कोंडिबांनी घेतली होती. ती घेऊनच अकरा वर्षं झाली होती. कोंडिबा अडुसष्टचे, भाताची शेती करणारे. शेजारच्या सीटवर कधीच न बसणाऱ्या, कायम मागच्या डाव्या खिडकीशी बसणाऱ्या त्यांच्या बायको रत्नाबाई बरोबर होत्या.

"गाडी वाजती म्हणं," कोंडिबा उतरता उतरता म्हणाले. "मला तर कायबी ऐकू येत न्हाई. पण महिना झाला, हिचं चाललंय."

"काकू, कसा आवाज हाय?" साबीरभाईंनी विचारलं.

रत्नाबाईंनी विचार केला. "पत्र्याच्या डब्यात मूठभर तांदूळ घालून कुणी हलवावा, तसा. बारीक. लई बारीक."

"गाडी उभी आसताना, का चालताना?"

"चालताना. चढाला. म्हंजे चढालाच आसं न्हाई, कदी कदी सपाटीलाबी येतो. आन् येतो तसा जातो."

साबीरभाईंनी स्टेअरिंगचा ताबा घेतला आणि तिघं करमोळीच्या दिशेनं निघाले. साबीरभाईंनी काच खाली केली. टायरचा आवाज, वाऱ्याचा आवाज, इंजिनाची घरघर, सगळं जागच्या जागी होतं. पूल ओलांडून थोडा चढ लागला तशा रत्नाबाई मागून म्हणाल्या, "हां. हे बघा. आता वाजतंय." आणि थोड्या वेळानं, "गेलं."

साबीरभाईंना काहीही ऐकू आलं नाही.

त्यांना यात वावगं वाटलं नाही. गाडीचा आवाज कारागिरापुढं नेमका बंद होतो, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. परत येऊन त्यांनी गाडी खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली, पुढच्या चाकाजवळची एक झिजलेली लिंक बदलली, दोन-चार नट आवळले आणि म्हणाले, "झालं, काकू. आता न्हाई वाजायची."

आठ दिवसांनी गाडी परत आली.

"तसंच हाय," रत्नाबाई म्हणाल्या.

या खेपेला कोंडिबा वैतागले होते. "साबीर, मी एकटा आसलो की गाडी गप आसती. ही बसली की वाजती. आता ह्याचा अर्थ तूच सांग."

कोंडिबा चेष्टा करत होते, पण साबीरभाईंनी ते बोलणं मनावर घेतलं. एकच माणूस बसल्यावर गाडी वाजत असेल तर त्याला कारण असणार. वजन असेल. रत्नाबाई बसतात तिथला तळ दबत असेल आणि खाली काहीतरी टेकत असेल. त्यांनी शेजारच्या दुकानातून तांदळाची दोन पोती मागून आणली, मागच्या डाव्या सीटवर ठेवली, पट्ट्यानं बांधली आणि एकटेच चाले गावापर्यंत जाऊन आले. जाताना चढ लागला, येताना उतार लागला. पोती गप होती आणि गाडीही गप होती.

मग वजन नाही. साबीरभाईंनी जरा संकोचूनच विचारलं, "काकू, बांगड्या तर न्हाईत?"

रत्नाबाईंनी दोन्ही हातांच्या बांगड्या पदरात गच्च गुंडाळल्या. पुन्हा फेरी झाली. त्या म्हणाल्या, "वाजतंय." पट्ट्याचं बक्कल धरून ठेवलं, पिशवी डिकीत टाकली, पाण्याची बाटली गॅरेजातच ठेवली. प्रत्येक वेळी त्याच म्हणायच्या, "आता आलं," आणि "आता गेलं." त्यांच्या बोलण्यात कुठंही चाचरणं नव्हतं. हाच साबीरभाईंचा घोळ होता. भास झालेला माणूस असा ठाम बोलत नाही, हे त्यांना कळत होतं. आणि आपल्याला ऐकू येत नाही तो आवाज नाहीच, हेही त्यांना तितकंच ठाऊक होतं. दोन्ही खरं कसं असणार?

तिसऱ्या खेपेला मात्र नशीब उघडल्यासारखं झालं. रस्त्यातल्या एका खड्ड्यावरून गाडी गेली आणि मागून 'खड्' असा आवाज आला. साबीरभाईंनी कोंडिबांकडं पाहिलं, कोंडिबांनी साबीरभाईंकडं. दोघांनीही ऐकला होता. डिकी उघडली तर स्टेपनीखालचा जॅक सुटून पडलेला. साबीरभाईंनी तो कापडात गुंडाळून जागेवर घट्ट बसवला. कोंडिबा इतके खूश झाले की त्यांनी समोरच्या हॉटेलातून तिघांना चहा मागवला.

चहा पिऊन पुन्हा फेरी मारली. दोन खड्ड्यांवरून मुद्दाम नेली. आवाज नाही.

"काय काकू?" साबीरभाई हसत म्हणाले.

रत्नाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "तो गेला," त्या सावकाश म्हणाल्या. "माझा हाय की आजून."

कोंडिबांनी कपाळाला हात लावला. "आता हिच्या कानाचंच बघाय पायजे."

रत्नाबाईंना ते लागलं. पण त्या हट्टी नव्हत्या. दोन दिवसांनी त्या स्वतःच बसनं पौडला आल्या आणि डॉक्टरांना कान दाखवले. कानात काही वाजतं का, गुणगुण होते का, असं सगळं डॉक्टरांनी विचारलं आणि तपासून सांगितलं की तुमचे कान ठणठणीत आहेत. तिथून त्या तडक गॅरेजवर आल्या. "माझ्या कानात काय न्हाई," असं उंबऱ्यातूनच सांगून त्या आल्या तशा बसस्टँडकडं निघून गेल्या.

साबीरभाई हातात पाना धरून तसेच उभे राहिले. आता गाडीतही काही नाही आणि बाईंच्या कानातही काही नाही. मग तो आवाज आहे कुठं? त्या आठवड्यात त्यांनी कोंडिबांची गाडी ठेवूनच घेतली. डॅशबोर्ड खोलला, चारही दारांची अस्तरं काढली, सीट बाहेर काढल्या. एका दारात कधीतरी पडलेला एक स्क्रू मिळाला. तो त्यांनी आशेनं हलवून पाहिला, पण तो दाराला आतून मारलेल्या डांबरात घट्ट चिकटलेला होता, वाजणं शक्यच नव्हतं. दुसरी कामं पडून राहिली. घरी जेवताना बायकोनं, मुनीरानं, दोनदा भाजी वाढू का विचारलं तरी यांचं लक्ष नव्हतं.

"एवढं काय झालंय?" मुनीरानं विचारलं.

साबीरभाईंनी सगळं सांगितलं. मुनीरा म्हणाली, "मला उद्या कोळवणला तांदूळ आणायला जायचंच आहे. ते गाडी न्यायला येणारच आहेत ना? मी येते."

गाडी न्यायला दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडिबा आणि रत्नाबाई आले. साबीरभाईंनीच चालवायला घेतली. कोंडिबा पुढं बसले, बायका मागं. बाजार मागं पडला, करमोळीच्या अलीकडचा चढ लागला आणि मुनीरा सहज म्हणाली, "अहो, हे काय वाजतंय? हेच का ते?"

"हेच!" रत्नाबाई जवळजवळ ओरडल्याच.

साबीरभाईंनी ब्रेकवर पाय ठेवला. मग काढला. त्यांच्या मनात पहिलं आलं ते असं, की रत्नाबाईंनी आधीच हिला काहीतरी सांगून ठेवलं असणार. निघण्याआधी बायका अर्धा तास बोलत होत्या. पण मुनीरा उगाच कुणाची री ओढणारी नव्हती. पंचवीस-तीस वर्षांचा संसार, एवढं त्यांना माहीत होतं.

त्यांनी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, "आता दोघींनी एक करायचं. बोलायचं न्हाई. एकमेकींकडं बघायचं न्हाई. काकू, तुमी डाव्या खिडकीतून भाईर बघा. मुनीरा, तू उजव्या. आवाज आला की बोट वर करायचं. थांबला की खाली. बास."

गाडी निघाली. साबीरभाईंनी समोरचा आरसा थोडा खाली वळवला. चढ आला. आरशात दोन बोटं वर झाली. त्यांनी पाय थोडा सैल सोडला. दोन्ही बोटं खाली गेली. पुन्हा रेस दिली. दोन्ही वर. चाल्यापर्यंत त्यांनी असं किती वेळा केलं कोण जाणे. रत्नाबाई डावीकडच्या शेताकडं बघत होत्या, मुनीरा उजवीकडच्या डोंगराकडं, आणि दोघींची बोटं एकाच वेळी वर जात होती, एकाच वेळी खाली येत होती. साबीरभाई कान देऊन ऐकत होते. इंजिन ऐकू येत होतं. कोंडिबांचा खोकला ऐकू येत होता. समोरून आलेल्या एसटीचा हॉर्न ऐकू आला. ती बोटं कशासाठी हलतायत, ते मात्र ऐकू येत नव्हतं.

चाल्याच्या पुढं त्यांनी एका आंब्याखाली गाडी उभी केली आणि बंद केली.

"तात्या," त्यांनी कोंडिबांना विचारलं, "तुमाला ऐकू आलं?"

"न्हाई बा," कोंडिबा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

साबीरभाई खाली उतरले आणि बांधावर जाऊन बसले. मुनीरा मागोमाग आली.

"मला बाकी सगळं ऐकू येतंय," ते म्हणाले. "तुझं बोलणं येतंय. मग हेच का न्हाई? एकच आवाज तेवढा ऐकू न येणं, हे काय आसतं?"

मुनीरा शेजारी बसली. मग म्हणाली, "मोबाइलचा अलार्म तुम्हाला ऐकू येत नाही. मीच बंद करते रोज. मिक्सर बंद करून मी आतून हळू हाक मारली की तुम्ही वळत नाही. मला वाटायचं, मुद्दाम करता."

"मुद्दाम?"

"वाटायचं, कंटाळलेत माझ्या बोलण्याला. दोन वर्षं झाली असतील."

बायको दोन वर्षं मनात हे धरून बसली होती आणि त्यांना पत्ताही नव्हता. आवाज ऐकणं हा त्यांचा धंदा होता. गावात त्यावर नाव होतं. ते ऐकणं त्यांच्या हातून नेमकं कधी निसटलं, कोणत्या महिन्यात, कोणत्या गाडीपासून, हे त्यांना आठवून आठवून सापडेना. असं काही झाल्याचा दिवस असतो, असं त्यांना वाटत होतं. तसा दिवस नव्हता.

पण गाडीचं काम राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवून दोघांना गाडी घेऊन बोलावलं. खड्ड्यावर गाडी घेतली, रत्नाबाईंना मागं त्यांच्या नेहमीच्या जागी बसवलं, कोंडिबांना स्टेअरिंगवर.

"तात्या, गाडी न्यूट्रलला ठेवा, हॅण्डब्रेक वडा आन् हळूहळू रेस वाढवा. काकू, वाजाय लागलं की सांगा. तात्या, तितंच पाय थांबवायचा."

कोंडिबांनी रेस वाढवली. "आलं," रत्नाबाई म्हणाल्या. कोंडिबांनी पाय स्थिर धरला. म्हणजे उभ्या गाडीतही तो आवाज येत होता, फक्त नेमक्या तेवढ्याच रेसला.

साबीरभाई हातात जाड मोजे घालून, एक लाकडी दांडका घेऊन खड्ड्यात उतरले. एकेका भागावर दांडकं दाबायचं आणि विचारायचं.

"आता?"

"वाजतंय."

"आता?"

"वाजतंय."

इंजिनाखालपासून सुरुवात करून ते मागं सरकत गेले. गिअर बॉक्स, त्याचा पट्टा, ब्रेकच्या नळ्या. वीस-पंचवीस वेळा "वाजतंय" झालं. वरून कोंडिबा म्हणाले, "पाय दुखाय लागला रं." सायलेन्सरच्या वर एक पातळ पत्रा असतो, धग गाडीच्या तळाला लागू नये म्हणून बसवलेला. त्यावर दांडकं टेकलं आणि साबीरभाईंनी विचारलं, "आता?"

वरून उत्तर आलं नाही.

"काकू? आता?"

"थांबलं," रत्नाबाई म्हणाल्या. "साबीरभाऊ, थांबलं!"

त्यांनी दांडकं काढलं. "आलं." पुन्हा लावलं. "थांबलं." त्यांनी मोजा काढला आणि दांडक्यावर उघडा तळहात ठेवला. तेव्हा कुठं त्यांना ते लागलं. लाकडातून येणारी एक बारीक थरथर, मुंग्या आल्यासारखी. पत्र्याचा एक बोल्ट गंजून तुटला होता आणि मोकळी कड थरथरत होती. आवाज तो होता. महिनाभर त्या पत्र्याखालून साबीरभाई ये-जा करत होते.

एक पट्टी आणि एक क्लिप लावून दहा मिनिटांत ते काम संपलं. रत्नाबाई गाडीतून उतरल्या. जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर फारसा नव्हता. त्यांनी साबीरभाईंकडं पाहिलं आणि विचारलं, "तुमाला खरंच ऐकू येत न्हाई व्हय?"

"न्हाई, काकू."

"मग एवढा येळ कुणी कुणाला येडं ठरवलं?" त्या म्हणाल्या. रागानं नव्हे, खरोखरच विचारल्यासारख्या. कोंडिबा स्टेअरिंगवरच बसून राहिले होते. खाली उतरल्यावर त्यांनी साबीरभाईंच्या जवळ येऊन हळूच विचारलं, "म्हंजे माझंबी तसंच आसंल?"

"आसंल की, तात्या. चला बरुबर. दोघं बी दाखवू."

"बघू," कोंडिबा म्हणाले. ते अजून गेलेले नाहीत. पण रत्नाबाई आता पुढच्या सीटवर बसतात.

साबीरभाई मुनीराला घेऊन बावधनला कान तपासायला गेले. तिथं काचेच्या एका छोट्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. सुरुवातीचे जाड आवाज नीट आले. मग नुसती शांतता. बाहेरची मुलगी काचेतून बघत होती. साबीरभाईंना वाटलं, आता येत असेल. त्यांनी अंदाजानं बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. बाहेर आल्यावर त्या मुलीनं हसून सांगितलं, "काका, मी काहीच वाजवत नव्हते तेव्हा दाबत होतात." जाड आवाज शाबूत होते, बारीक आवाज जवळजवळ गेलेले. इतकी वर्षं हातोडा, ग्राइंडर, रेस केलेली इंजिनं. असं होतं, म्हणाली.

कानाचं यंत्र घेतलं. पहिले आठ दिवस ते लावून साबीरभाई गॅरेजमध्ये बसू शकले नाहीत. सगळंच वाजत होतं. प्लास्टिकची पिशवी, स्वतःची चप्पल, पाने ठेवायचा डबा. इंजिन चालू केलं की त्यात शंभर नवे आवाज यायचे, आणि त्यांतला बिघाडाचा कोणता आणि नेहमीचा कोणता, हे त्यांना कळेना. एकतीस वर्षं ज्यांची ओळख होती ते आवाज हे नव्हते. मग त्यांनी घरी यंत्र लावायचं आणि खड्ड्यात उतरताना काढायचं, असं सुरू केलं. घरी मुनीरा आता हळू बोलते. सुरुवातीला त्याचीही तिला सवय नव्हती.

सगळ्यात जास्त त्यांना टोचत होतं ते वेगळंच. गेल्या दोन वर्षांत "काही नाही, गाडी चांगली आहे" म्हणून त्यांनी किती गाड्या परत पाठवल्या होत्या? आठवतील त्यांचे नंबर काढून ते फोन करायला लागले. बहुतेकांनी गाडी विकली होती किंवा दुसरीकडून काम करून घेतलं होतं. लवळ्याला कॉलेजात शिकवणारे ऋषिकेश म्हणून एक प्राध्यापक होते. ते म्हणाले, "अजून वाजतेय. मीच सवय करून घेतली."

"आणा," साबीरभाई म्हणाले. "चुकी माझी होती. तुमी आत बसून ऐका, मी खाली बघतो."

एका शनिवारी ऋषिकेश सर आले. ते मागच्या सीटवर बसले, साबीरभाई दांडकं घेऊन खाली उतरले. आता, आता, आता. पत्रा बघितला, नळ्या बघितल्या, टाकीचे पट्टे बघितले. तीन तास गेले. सर म्हणायचे, "वाजतंय." मग म्हणायचे, "थांबा, आता थांबलं," आणि साबीरभाईंनी तेव्हा कशालाही हात लावलेला नसायचा. दोन शनिवार तसेच गेले. साबीरभाईंनी उघड्या तळहातानं सगळी गाडी चाचपली. थरथर लागली नाही.

"आहे ना आवाज नक्की?" शेवटी सरांनीच विचारलं. "मला आता माझीच खात्री वाटेना."

"हाय," साबीरभाई खड्ड्यातून म्हणाले. "तुमी म्हणताय तर हाय. बसून ऱ्हावा. रेस जरा कमी करा."